फरशी कोणाच्या पायांनी निवडावी?

बंड्या बैठकीच्या खोलीत येईनासा झाला, ही गोष्ट आमच्या लक्षात यायला जवळजवळ दोन महिने लागले. बंड्या म्हणजे आमचा लॅब्राडॉर. त्या वेळी त्याने वयाची अकरा वर्षे ओलांडली होती. वर्षभरापूर्वी आम्ही पेठेतील जुन्या घरातून कोथरूडमधील सदनिकेत राहायला आलो होतो. जुन्या घरात दाराची कडी वाजली की सर्वांत आधी तोच धावत येई. इथे मात्र तो स्वयंपाकघराच्या दारातील पायपुसण्यावर बसून राहू लागला. पाहुणे आले की शेपटी हलवी, मान उंचावून बघे, पण उंबरठ्यापुढे पाऊल टाकीत नसे. ‘वय झाले आता त्याचे,’ असे आम्ही एकमेकांना सांगितले आणि आपल्याच निदानावर समाधान मानले.

पशुवैद्यांकडे त्याला नेले ते लसीच्या निमित्ताने. त्यांच्या दवाखान्यात जमिनीवर रबराची जाड चटई अंथरलेली आहे. त्या चटईवर बंड्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि डॉक्टरांच्या खिशातील बिस्किटासाठी मागच्या पायांवर किंचित उठलाही. मी चकित झाले. डॉक्टरांनी क्ष-किरण छायाचित्र काढले. खुब्याच्या सांध्यात झीज होती, परंतु तेवढ्याने कुत्रा एका जागी खिळावा अशी ती नव्हती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ताई, तुमच्या घरातली फरशी कशी आहे?”

आमच्या घरातील फरशी पांढरीशुभ्र, आरशासारखी चकचकीत होती. सदनिका पाहायला गेलो तेव्हा तिच्याकडे बघूनच आम्ही निम्मे भुललो होतो.

त्या संध्याकाळी हा सारा वृत्तान्त मी जेवताना सांगितला. आई शांतपणे ऐकत होती. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. भाताचा घास हातात तसाच ठेवून ती म्हणाली, “अगं, मीसुद्धा भिंतीला धरूनच जाते की हॉलमधून. तो मुका जीव, त्याला भिंत धरता येत नाही एवढंच.”

वाचकहो, आजचा विषय पाळीव प्राणी असलेल्या घरातील फरशीच्या निवडीचा आहे. परंतु आईच्या त्या वाक्यानंतर मला तो केवळ प्राण्यांचा विषय वाटेनासा झाला. फरशी आपण बहुधा डोळ्यांनी निवडतो, तेही दुकानातील प्रखर दिव्यांखाली उभे राहून. तिच्यावर वावरणारे पाय मात्र घरातले असतात. त्यांतील सर्वांत दुबळे पाय जिथे निर्धास्त चालू शकतील, ती फरशी आरोग्याच्या दृष्टीने योग्य, ही या लेखामागची भूमिका आहे.

पंजा घसरतो कसा?

कुत्रा आपल्यासारखा टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालतो. माती, गवत किंवा खडबडीत दगड असेल तर त्याची नखे जमिनीत थोडी रुततात आणि बुटाच्या खिळ्यांसारखी पकड देतात. कठीण, घोटीव पृष्ठभागात नख रुतू शकत नाही. मग पकडीची सारी भिस्त पंजाच्या गादीवर येते. नखे वाढलेली असतील तर ती गादीच्या आधी जमिनीला टेकतात आणि गादीचा स्पर्शच कमी होतो. बोटांच्या बेचक्यातील केस वाढले असतील तर गुळगुळीत फरशीवर तो मोजे घालून चालल्यासारखाच चालतो.

तरुण कुत्रा घसरला तरी सावरतो. ज्याचे खुबे किंवा गुडघे दुखरे आहेत, त्याचे मागचे पाय फाकतात, स्नायूंना हिसका बसतो आणि वेदना लक्षात राहते. दोन-तीनदा असे झाले की तो त्या जागेचीच धास्ती घेतो. धास्तीमुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू रोडावतात आणि स्नायू रोडावल्याने पुढच्या वेळी तो अधिकच घसरतो. वृद्ध माणसांच्या बाबतीत नेमके हेच चक्र फिरते, हे घरात वडीलधारे असलेल्या वाचकांना सांगावयास नको.

लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या जातींना खुब्याच्या सांध्याचा दोष मुळातच अधिक असतो. लांब पाठीच्या डॅशहुंडला मणक्यातील चकती सरकण्याचा धोका असतो. अशा जातींचे पिल्लू घरी आणणार असाल तर फरशीचा विचार त्याच्या म्हातारपणी नव्हे, तर ते आणण्यापूर्वीच करावा. मांजर हलके आणि तोल सांभाळण्यात वाकबगार असल्याने त्याला घसरण्याचा त्रास कमी होतो. त्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो पुढे येईलच.

आपण कोठून कोठे आलो?

आपल्याकडील जुन्या घरांत शेणाने सारवलेली जमीन असे. पुढे शहाबादी फरशी आली, कोबा आला, नंतर सिमेंटच्या ठिपकेदार मोझेक लाद्या आल्या. या साऱ्यांचे इतर दोष असतील, पण वापराने येणारा एक सौम्य खरबरीतपणा त्यांच्यात होता. पेठेतील आमच्या घरात शहाबादी होती. बंड्या तिच्यावर दहा वर्षे पळाला आणि एकदाही पडल्याचे मला आठवत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत विट्रिफाइड टाइल घरोघरी आली आणि चकाकी हेच चांगल्या फरशीचे लक्षण ठरले. दोष विट्रिफाइडचा नाही. उलट प्राण्यांच्या घरासाठी तिच्यात मोठे गुण आहेत. दोष आहे तो तिच्यावर चढवलेल्या आरशाचा.

कोणती फरशी, कोणत्या घरासाठी?

प्राणी असलेल्या घरातील फरशीची तीन कसोट्यांवर परीक्षा होते. ती पकड किती देते, ओलावा व लघवी किती शोषते, आणि घासण्या-पुसण्याला किती टिकते.

*विट्रिफाइड टाइल* उच्च तापमानात भाजलेली आणि अतिशय घट्ट असते. तिची पाणी शोषण्याची क्षमता ०.५ टक्क्याहून अधिक नसते. त्यामुळे लघवी तिच्या अंगात मुरत नाही. कुत्र्याच्या नखांनी ती ओरखडत नाही, कारण नख तिच्यापेक्षा पुष्कळ मऊ असते. खरे ओरखडे पडतात ते पंजांना चिकटून आलेल्या वाळूच्या कणांमुळे, आणि चकचकीत फरशीवर ते लवकर दिसतात. म्हणून दारात खरबरीत काथ्याचे पायपुसणे हवेच. हीच टाइल मॅट किंवा किंचित खरबरीत पृष्ठभागाची मिळते. प्राण्यांच्या घरासाठी माझी पहिली शिफारस तिचीच. साधी सिरॅमिक टाइल स्वस्त असते, परंतु तिचे अंग अधिक सच्छिद्र असते. वरचा लुकण उडाला की आतील माती ओलावा शोषते. भिंतीसाठी बनवलेली टाइल तर जमिनीवर कधीच लावू नये.

*संगमरवर* दिसायला देखणा, परंतु या कामी सर्वांत नाजूक. तो मऊ आहे, सच्छिद्र आहे आणि आम्लाने झिजतो. लघवीचा डाग वेळीच पुसला नाही तर तो आत उतरतो. *कोटा* आणि *शहाबादी* हे चुनखडीचे दगड. आम्लापुढे तेही हतबल, पण पॉलिश न केलेल्या किंवा कमी केलेल्या स्वरूपात ते उत्तम पकड देतात. बाल्कनी, अंगण, ओसरी, जिन्याच्या पायऱ्या यांसाठी आजही त्यांना तोड नाही. त्यांवर सीलर लावून घ्यावा आणि वास घालवण्यासाठी व्हिनेगर किंवा लिंबू वापरण्याचा मोह टाळावा. ही युक्ती टाइलवर चालते, चुनखडीच्या दगडावर मात्र ती फरशीच खाते.

*लॅमिनेट* म्हणजे लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीवर चढवलेला छापील थर. सांध्यातून ओलावा आत गेला की फळी फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. पिल्लाचे शिक्षण चालू असताना किंवा म्हाताऱ्या कुत्र्याचे लघवीवरील नियंत्रण सुटलेले असताना लॅमिनेट घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणेच. *खरे लाकूड* पायांना उबदार, पण नखांनी ओरखडते आणि लघवीने काळवंडते. *व्हिनाइल* पाण्याला दाद देत नाही, पायाखाली टाइलहून मऊ लागते, नखांचा आवाज कमी होतो आणि त्याच्या किंचित दाणेदार पृष्ठभागावर पंजाला पकड मिळते. मजबूत गाभ्याच्या व्हिनाइल पट्ट्या जुन्या फरशीवर तोडफोड न करता बसवता येतात, हा त्यांचा मोठा लाभ. मात्र त्यांखालची जमीन सपाट आणि कोरडी हवी. वरच्या टिकाऊ थराची जाडी विचारून घ्यावी. डिंक लावून बसवायचे असेल तर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घरात पोपट किंवा अन्य पक्षी असेल तर त्याला या काळात दुसऱ्या घरी ठेवावे, कारण पक्ष्यांची श्वसनसंस्था वाफा आणि धूर यांबाबत फार संवेदनशील असते.

भिंतीपासून भिंतीपर्यंतचा *गालिचा* पकडीच्या कसोटीवर पहिला येईल, पण आपल्या दमट पावसाळ्यात तो केस, पिसवांची अंडी आणि वास यांचे आगर होतो. धुता येईल अशी सुती सतरंजी त्याहून शहाणपणाची.

पकड मोजावी कशी?

‘अँटी-स्किड’ हा शब्द दुकानात सढळ हाताने वापरला जातो. तो ऐकून समाधान न मानता आर-क्रमांक विचारावा. या जर्मन मापनपद्धतीत तेल लावलेल्या उतरत्या फळीवर बूट घातलेला माणूस चालवतात आणि उतार वाढवत नेतात. तो कोणत्या अंशाला घसरू लागतो यावरून आर-९ ते आर-१३ अशी श्रेणी ठरते. आर-९ म्हणजे ६ ते १० अंश, आर-१० म्हणजे १० ते १९ अंश, आर-११ म्हणजे १९ ते २७ अंश. बैठकीची खोली, मार्गिका आणि स्वयंपाकघर यांसाठी आर-१० बहुधा पुरेसा होतो. न्हाणीघर, बाल्कनी आणि ओले पंजे येतात ती दारापुढची जागा यांसाठी आर-११ घ्यावा. त्यापुढील श्रेण्या कारखान्यांसाठी ठीक. घरात त्या इतक्या खरबरीत होतात की केस आणि धूळ त्यांत अडकते, फडके अडखळते आणि रांगत्या बाळाचे गुडघे सोलवटतात.

ही चाचणी बुटांची आहे, अनवाणी पायांची किंवा पंजांची नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून शेवटची परीक्षा घरीच घ्यावी. दुकानदाराकडून एकाच प्रकारच्या चार-सहा टाइल नमुन्यादाखल मागाव्यात. त्या जमिनीवर सरकणार नाहीत अशा रबरी जाळीवर सलग मांडाव्यात, पाणी शिंपडावे आणि कुत्र्याला आपल्या मर्जीने त्यांवरून जाऊ द्यावे. ओढू नये. तो थबकतो का, पावले आखडून टाकतो का, बोटे पसरून नखे टेकवतो का, हे पाहावे. त्यानंतर घरातील वडीलधाऱ्यांनाही त्यांवर कोणाचा तरी हात धरून उभे राहू द्यावे. आमच्याकडे बंड्याने आणि आईने एकच टाइल नापसंत केली. ती दिसायला मॅट होती, पण ओली झाल्यावर साबणासारखी बुळबुळीत होत होती.

रंगाविषयी थोडे सांगते. ‘केस दिसू नयेत’ म्हणून गडद, गुंतागुंतीच्या नक्षीची फरशी सुचवली जाते. मला ते पटत नाही. फिकट ते मध्यम रंगाच्या, सौम्य छटेच्या फरशीवर चालणारी गोचीड दिसते आणि लघवीतील लालसर झाक पहिल्याच दिवशी नजरेस पडते. रोग लवकर कळणे हे दोन वेळा अधिक केर काढण्यापेक्षा मोलाचे आहे. लकाकी मात्र नको. मोतीबिंदू झालेल्या कुत्र्याला आणि माणसाला फरशीवरील दिव्याचे प्रतिबिंब गोंधळात पाडते.

दुर्लक्षित सांधे

टाइल कितीही चांगली निवडली तरी दोन टाइलमधील सांधा सिमेंटचा असेल तर लघवी तिथे मुरते. पोछा मारला तरी वास उरतो, आणि त्या वासाच्या खुणेने प्राणी पुन्हा तिथेच लघवी करतो. यासाठी इपॉक्सी ग्राउट वापरावे. ते महाग असते आणि भरायला कौशल्य लागते, परंतु ते पाणी शोषत नाही. निदान प्राण्याचा वावर जिथे अधिक तिथे तरी हा खर्च करावा.

सांध्यांचे दुसरे महत्त्व गोचिडींमुळे आहे. आपल्याकडील कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड घरातही सुखाने वाढते. रक्त पिऊन तट्ट फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, स्कर्टिंगच्या मागे, उखडलेल्या सांध्यात हजारो अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर औषध लावूनही गोचिडी का संपत नाहीत, याचे उत्तर अनेकदा या फटींत असते. या गोचिडींमधून कुत्र्यांना बॅबेसिया, एर्लिकिया यांसारखे जिवावर बेतणारे आजार होतात. तेव्हा नवी फरशी बसवताना स्कर्टिंगचा वरचा व खालचा सांधा, दाराच्या चौकटीलगतची भेग आणि नळाभोवतीचे छिद्र नीट बुजवून घ्यावे. हे काम पुढे कधी होत नाही.

फरशीवर काय ओतता?

फरशी चाटणारे आणि फरशीवरून चालून पंजे चाटणारे घरात असतील, तर स्वच्छतेचे द्रव्य हा आहाराचाच भाग होतो. मांजराच्या यकृतात फिनॉल गटातील द्रव्यांचा निचरा करणारी यंत्रणा दुबळी असते. त्यामुळे काळे फिनाइल आणि तत्सम जंतुनाशके त्याला विषारी ठरतात. पाइन तेल असलेले पांढरे फिनाइलही मांजराच्या घरात नको. मांजर लाळ गाळू लागले, अडखळू लागले आणि घरात नुकतेच फिनाइल वापरलेले असेल, तर उशीर न करता पशुवैद्यांकडे न्यावे.

दुसरी सावधगिरी ब्लीचची. लघवीत अमोनिया निर्माण होतो, आणि त्यावर ब्लीच ओतले की श्वसनमार्गाला इजा करणारा क्लोरॅमिन वायू तयार होतो. अमोनियायुक्त द्रव्यांनी लघवीची जागा पुसणेही चुकीचे, कारण तो वास प्राण्याला लघवीचाच वाटतो. प्रथम कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, मग साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून साध्या पाण्याने पुन्हा पुसावे. वास राहिलाच तर विकरयुक्त क्लीनर वापरावा आणि तो बाटलीवर सांगितला असेल तितका वेळ फरशीवर राहू द्यावा. रांगते मूल असलेल्या घरात विष्ठा ताबडतोब उचलावी. कुत्र्याच्या पोटातील गोलकृमींची अंडी विष्ठेत पडताच संसर्ग करीत नाहीत, त्यांना त्यासाठी काही आठवडे लागतात. वेळेवर केलेली सफाई आणि नियमित जंताचे औषध ही म्हणूनच खरी ढाल आहे.

खरेदी आणि काम

आमची पहिली खरेदी चुकली, हे प्रांजळपणे सांगते. फरशी बदलण्याचा खर्च टाळावा म्हणून मी एका विक्रेत्याकडून फरशीवर लावण्याचे घसरणरोधक द्रावण आणले. पहिले तीन आठवडे ते उत्तम वाटले. दोन महिन्यांत येण्याजाण्याच्या वाटेवरचा थर झिजला, आणि बंड्या नेमका त्या वाटेवरच पडला. ‘पाच वर्षांची हमी’ कागदावर कोठेच नव्हती. ती केवळ बोलण्यातली होती.

मग आम्ही बैठकीची खोली आणि मार्गिका एवढेच काम काढले. हिशेब सांगते, कारण तो अनेकांचा चुकतो. जागा सुमारे ३०० चौरस फूट होती. कापाकापी आणि तुटफूट यांसाठी १० टक्के धरून ३३० झाली. ‘२ बाय २’ म्हणून विकली जाणारी टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांहून किंचित लहान असते. चार टाइलची पेटी १६ नव्हे, तर साधारण साडेपंधरा चौरस फूट भरते. १६ ने भागले असते तर २१ पेट्या घेतल्या असत्या आणि काम कमी पडले असते. आम्ही २२ घेतल्या. सर्व पेट्यांवरील बॅच आणि छटेचा क्रमांक एकच असल्याची खात्री दुकानातच करावी. नंतर आणलेल्या पेटीचा रंग जुळेलच असे नाही. उरलेल्या चार-पाच टाइल परत न करता जपून ठेवाव्यात.

जुनी फरशी न फोडता तिच्यावरच नवी बसवता येते. त्याने धूळ, आवाज आणि खर्च वाचतो, परंतु जमिनीची पातळी अर्धा ते पाऊण इंच वाढते. दारे खालून तासावी लागतात. दोन खोल्यांच्या सीमेवर जी पायरी होते ती ठेचकळण्याची जागा ठरू नये म्हणून उतरती पट्टी बसवून घ्यावी. विट्रिफाइड टाइल पाणी शोषत नसल्याने साध्या सिमेंटला ती नीट धरत नाही, त्यासाठी योग्य चिकटद्रव्यच वापरावे. आमचे मिस्त्री म्हणाले, “ताई, सिमेंटात बसवतो, वर्षानुवर्षं केलंय.” मी नम्रपणे नकार दिला. काम वाळल्यावर प्रत्येक टाइलवर नाणे वाजवून पाहावे. पोकळ आवाज येईल ती टाइल पुढे तडकणार. शेजारच्या दोन टाइलच्या कडा समपातळीत आहेत ना, हे हात फिरवून पाहावे, कारण वर आलेल्या कडेत नख अडकते. काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा आणि राडारोडा कोठे टाकायचा हेही ठरवून घ्यावे.

या दिवसांत प्राण्यांना घरात ठेवू नये. ओले सिमेंट दाहक असते, पंजांना आणि चाटणाऱ्या जिभेला ते भाजते. टाइल कापताना उडणारी धूळ माणसाच्याही फुप्फुसांना घातक असते. कापणी शक्यतो पाणी सोडून आणि घराबाहेर करवावी. बंड्या सहा दिवस माझ्या बहिणीकडे राहिला.

फरशी बदलणे शक्य नसेल तर

भाड्याच्या घरात किंवा ओढग्रस्तीत हे सारे जमणार नाही. अशा वेळी सारी जमीन झाकण्याची आवश्यकता नसते, वाटा झाकल्या तरी पुरते. झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत खाली रबर असलेल्या पट्ट्या किंवा सतरंज्या सलग अंथराव्यात. त्यांखाली घसरू न देणारी जाळी घालावी, नाहीतर सतरंजीसकट घसरणे होते. दोन सतरंज्यांमध्ये मोकळी जागा सोडू नये. भित्रा कुत्रा तेवढ्या अंतरासाठीही थांबतो. जेवणाच्या भांड्याखाली चटई हवीच, कारण खाताना पुढे झुकल्यावर मागचे पाय सरकतात. दर तीन-चार आठवड्यांनी नखे कापावीत आणि गादीमधील केस कातरावेत. मोठ्या आकाराच्या कुत्र्याला कठीण फरशीवर सतत लोळून कोपरांवर घट्टे आणि पाण्याच्या गाठी येतात, म्हणून जाड गादी द्यावी. उन्हाळ्यात तो गादी सोडून गार फरशीवर जाईल. जाऊ द्यावे.

आमची फरशी आता राखट तपकिरी, मॅट आहे. ती पूर्वीसारखी आठवड्याच्या पुसण्यावर चकाकत नाही, पोछ्याचे पट्टे उमटतात आणि महिन्यातून एकदा ब्रशने घासावी लागते. शयनगृहांत जुनी पांढरी फरशी तशीच आहे, तिच्यावर सतरंज्या आहेत.

बहिणीकडून परत आणले त्या दिवशी बंड्या सवयीने स्वयंपाकघराच्या दारात थांबला. नव्या फरशीवर त्याने एक पंजा ठेवला, काढून घेतला, पुन्हा ठेवला. आम्ही कोणी हाक मारली नाही, डॉक्टरांनी तसे बजावले होते. त्याला पुरती खोली ओलांडायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दाराची कडी वाजली तेव्हा तो दारापर्यंत आला. धावत नव्हे, चालत.

आई अजूनही कधीकधी भिंतीला हात लावते, पण आता दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन हॉलमधून येतानाही मी तिला पाहिले आहे. या आठवड्यात आपल्या घरातील सर्वांत वयस्क माणूस आणि सर्वांत म्हातारा प्राणी कोणत्या वाटेने चालतात, कोणती जागा टाळतात, हे एकदा लक्षपूर्वक पाहावे. दुकानात जाण्याआधी एवढे निरीक्षण हाताशी असले, की टाइलच्या शेकडो नमुन्यांतून निवड करणे फारसे अवघड जात नाही.